जमीन पाहावी पाण्याच्या हिशेबाने

सरकारने तुमच्या घरच्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली, तर ती घ्यावी का? "यात विचारायचे काय?" असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. आधी थोडे गणित करू.

अमेरिकेत १८६२ साली असा कायदा खरोखरच झाला. अर्जदाराने १६० एकर जमिनीवर घर बांधायचे, पाच वर्षे तेथे राहून ती कसायची, की नाममात्र शुल्क घेऊन सरकार ती त्याच्या नावे करून देई. अशा शेतघराला 'होमस्टेड' म्हणतात. हा कायदा १९७६ साली अलास्का वगळता सर्वत्र रद्द झाला, आणि १९८६ साली अलास्कातही ही सोय संपली. तरीही स्वतः जमीन विकत घेऊन स्वावलंबी शेतजीवन जगू पाहणारी कुटुंबे तेथे आजही आहेत. त्यांच्यापुढील पहिला प्रश्न जुनाच आहे : कोणती काउंटी निवडावी? काउंटी म्हणजे राज्याचा एक प्रशासकीय विभाग, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा.

कायद्याने सगळीकडे १६० एकरच दिले, पण पाऊस काही सगळीकडे सारखा पडत नाही. आयोवा राज्यात वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे १६० एकरांवर एक कुटुंब सुखाने राहू शके. पश्चिमेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ साली सरकारला अहवाल दिला. वर्षाला २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरहून, कमी पाऊस असेल तेथे पाटपाण्यावाचून शेतीचा भरवसा नाही, असे त्याने सांगितले. ही सीमा साधारणपणे १०० अंश पश्चिम रेखांशाजवळून जाते. तिच्या पलीकडे केवळ गुरांवर जगायचे तर एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, असा त्याचा अंदाज होता. संसदेने त्याची योजना स्वीकारली नाही.

५०० मिलिमीटर पाऊस अपुरा का पडतो? याचे उत्तर भौतिकशास्त्रात मिळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर तेथे एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी साठते. त्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख जूल उष्णता लागते. यालाच आपण बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. आता त्या मैदानावर भर उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे २५० लाख जूल सौर ऊर्जा पडते. तिच्यातील निम्मीच बाष्पीभवनाच्या कामी आली असे धरा. १२५ भागिले २४.५ म्हणजे सुमारे ५. याचा अर्थ, ओल्या जमिनीतून व पिकांच्या पानांतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडून जाऊ शकते. अशा १०० दिवसांत ५०० मिलिमीटर! वर्षाची सगळी जमा एका हंगामात खर्च झाली. शिवाय पावसातले काही पाणी वाहून जाते, ते निराळेच.

हा हिशेब न पाहिल्याने काय झाले, याचे उदाहरण म्हणजे ओक्लाहोमा राज्यातील सिमरॉन काउंटी. ती १०० अंश रेखांशाच्या पश्चिमेस आहे आणि तेथील सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरहूनही कमी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे शेतकरी आले. पहिल्या महायुद्धात गव्हाला चढा भाव आला, तेव्हा मातीला धरून ठेवणारे गवताळ रान नांगरले गेले. पाऊस बरा होता तोवर निभावले. १९३० नंतर मात्र ओळीने अवर्षणाची वर्षे आली. उघडी पडलेली कोरडी माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार केला. त्या दशकात काउंटीची लोकसंख्या जवळजवळ एक तृतीयांशाने घटली.

म्हणून काउंटी पारखताना पुढील प्रश्न विचारावेत :

१. सरासरी पाऊस किती, आणि सर्वांत वाईट वर्षी किती? कुटुंबाला जेवायला दरवर्षी लागते. सरासरीने पोट भरत नाही.

२. पाऊस पिकाच्या दिवसांत पडतो की नाही?

३. विहिरीच्या पाण्याची पातळी दरवर्षी खाली जात आहे काय? जात असेल, तर उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे.

४. वसंतातील शेवटचे हिमतुषार व शरदातील पहिले हिमतुषार यांत किती दिवस मिळतात? थंड हवा जड असल्याने ती खोलगट जागी साचते, म्हणून तेथे हे दिवस आणखी कमी असतात.

५. माती पाणी धरते की लगेच निथळू देते?

यातील पहिला हिशेब तुम्हालाही करता येईल. सरळ काठाचे पसरट भांडे पाण्याने भरून उघड्यावर ठेवा आणि पक्षी पाणी पिऊ नयेत म्हणून वर जाळी घाला. रोज सकाळी ठरावीक वेळी पट्टीने पातळी मोजून वहीत लिहा. पावसाळ्यात शेजारी पर्जन्यमापक ठेवा. भांड्यातील पाणी ओलसर जमिनीतील पाण्यापेक्षा काहीसे अधिक वेगाने उडते, हे ध्यानात ठेवा. वर्षअखेर जमा आणि खर्च या दोन्ही रकान्यांची बेरीज करा. मग आपल्या गावच्या शेतकऱ्याला विचारा की, ही तूट तो कशी भरून काढतो? शेततळे, बांध, कमी पाण्याचे पीक असे त्याचे प्रत्येक उत्तर या हिशेबात कोठे बसते, ते पाहा.