दंड सरकारजमा, भरपाईची वाट वेगळी

हिंगणा एमआयडीसीत माझा लहान कारखाना आहे. कच्चा माल एकाच बड्या पुरवठादाराकडून घ्यावा लागतो आणि अटी तोच ठरवतो. माल उचलला नाही तरी पैसे भरा, प्रत कमी निघाली तरी बोलू नका. आजूबाजूच्या कारखानदारांचीही हीच गत. बैठकीत ठरलं, नागपूरच्या दिवाणी न्यायालयात सगळ्यांनी मिळून दावा लावायचा. वकिलांनी स्पर्धा कायद्याचं कलम ६१ दाखवलं. या विषयात दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही.

आधी दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे कलम १९ खाली माहिती दाखल करावी लागते. ती कोणीही देऊ शकतो. मात्र २०२३च्या दुरुस्तीनंतर वादकारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत. उशीर झाल्यास सबळ कारण लागतं. आयोगाने केलेला दंड केंद्राच्या निधीत जातो, आपल्या हाती रुपयाही येत नाही. हे ऐकून आमच्यातले कित्येकजण तिथेच गळाले. भरपाईसाठी कलम ५३-एन खाली राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात वेगळा अर्ज करायचा, तोही कायदाभंगाचा निष्कर्ष हाती आल्यावरच.

त्याला किती काळ जातो, हे आपल्या शहराला माहीत आहे. राज्य सरकारच्या महानिर्मिती या वीज कंपनीने कोळसा पुरवठ्याच्या एकतर्फी अटींबद्दल आयोगाकडे धाव घेतली. समोर कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्या, त्यांत नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्सही. डिसेंबर २०१३मध्ये १,७७३ कोटींचा दंड झाला, २०१६मध्ये अपिलात आदेश रद्द झाला, २०१७मध्ये नव्याने ५९१ कोटी. हा कायदा कोल इंडियाला लागू होतो की नाही, या एका प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जून २०२३मध्ये आला. सरकारी वीज कंपनीला इतकी वर्षं लागतात, तर लहान कारखानदाराने वर्षभरात पैसे मिळवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. असा एकजण आमच्याकडे वर्गणी मागायला आला होता.

सर्वांच्या वतीने एकाने अर्ज करायचा तर न्यायाधिकरणाची परवानगी हवी, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ प्रमाणे इतरांना नोटीस. माणसं फार असतील तर वर्तमानपत्रात जाहिरात. खर्च अर्जदाराचा. सर्वांत कठीण अट मात्र समान हितसंबंधाची आहे. आमच्यातल्या काहींच्या करारात प्रतीबद्दलचं कलम वेगळं होतं, काहींचा करारच नव्हता, नुसती बिलं. त्यांना एका अर्जात कोंबलं तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी ती मोट सोडवील. २०२१मध्ये बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पात ९१ जणांनी १,१३४ सदनिकांच्या सर्व धारकांच्या वतीने केलेली ग्राहक तक्रार सर्वोच्च न्यायालयाने सामूहिक म्हणून मानली नाही. समानता मांडलेलीच नव्हती. त्या ९१ जणांपुरती संयुक्त तक्रार मात्र चालू राहिली.

आम्ही मग एकसारखा करार असलेल्यांचाच गट केला. तुम्हीही सह्या गोळा करण्याआधी प्रत्येकाचा करार, वजनपावत्या, प्रतीचे तपासणी अहवाल आणि भरलेल्या रकमांचे बँक उतारे मागवा. करार शेजारी शेजारी ठेवून कलमं ताडून पाहा, ज्याचं जुळत नाही त्याला तेव्हाच स्पष्ट सांगा, आणि तीन वर्षांची मुदत तपासायला पहिल्या बिलाची तारीख वकिलाला लगेच दाखवा.