जनावरांच्या दवाखान्यातील नेहमीची हत्यारे व त्यांचा उपयोग

नांगर, कुळव, पाभर ह्यांपैकी कोणते अवजार केव्हा जुंपावयाचे, हे आमच्या शेतकरी बंधूंस सांगावे लागत नाही. परंतु हजारो रुपये किमतीचा बैल आजारी पडून दवाखान्यात नेला आणि डॉक्टरांनी पेटी उघडली, म्हणजे तिच्यातील हत्यारांकडे आपण केवळ भीतीने किंवा कुतूहलाने पाहतो. त्यामुळे दोन प्रकारचे नुकसान होते. कोणी भीतीपोटी जनावर नेण्यास उशीर करितात. तर कोणी घरचा सुरा किंवा विळा घेऊन स्वतःच उपाय करू लागतात. सबब प्रत्येक हत्यार कशासाठी आहे आणि मालकाने कोठे हात लावू नये, ह्याचा विचार ह्या पाठात करावयाचा आहे.

पूर्वपीठिका

ही विद्या आपल्या देशास नवी नाही. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली आहेत. यंत्र म्हणजे धरावयाचे, उघडावयाचे किंवा आत घालावयाचे बोथट साधन. आणि शस्त्र म्हणजे धार असलेले. आजच्या पेटीतील हत्यारांचीही हीच विभागणी करिता येते. मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, आणि आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे १९८८ साली क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे महाविद्यालय स्थापन झाले. माणसांच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेचे नाव डॉ. वानलेस ह्यांच्या १८९४ सालच्या इस्पितळापासून दूरवर गाजले. माणसासाठी असो वा बैलासाठी, चाकू, चिमटा व सुई ही एकाच जातीची हत्यारे आहेत. फरक आकाराचा व जोराचा.

१. उष्णतामापक

हे शस्त्र नव्हे; पण पहिली तपासणी ह्यानेच होते. गाईबैलाचे निरोगी उष्णतामान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. नळीस दोरा बांधून, थोडे तेल लावून ती गुदद्वारात आतील भिंतीस टेकेल अशी धरावी. पाऱ्याची नळी असल्यास आधी झटकून पारा खाली उतरवावा. हे साधन प्रत्येक गोठ्यात असावे. दवाखान्यात ‘अंग तापले आहे’ असे सांगण्यापेक्षा ‘सकाळी १०४ होते’ असे सांगणे शतपटीने उपयोगी.

२. चाकू व सळई

शस्त्रक्रियेचा चाकू लहान असतो, आणि त्याचे पाते बदलता येते. गळू पिकल्यावर त्याच्या सर्वांत खालच्या व मऊ जागी छेद देतात, म्हणजे पू आपोआप निचरतो. नंतर बोथट सळई घालून पोकळी किती खोल गेली आहे व आत काटा किंवा फास राहिली आहे काय, हे पाहतात.

ह्या ठिकाणी शेतकऱ्याने विशेष सावध राहावे. प्रत्येक सूज गळू नसते. पोटाखालची मऊ सूज ही कधीकधी स्नायू फाटून उतरलेले आतडे असते. तीत सुरा घालणे म्हणजे जनावर मारणेच होय. म्हणून डॉक्टर आधी सुई टोचून आत काय आहे हे पाहतात. फऱ्या रोगात मांडीवर किंवा फऱ्यावर येणारी सूज दाबली असता चरचरते. तीही फोडावयाची नसते. जुवाने आलेली खांद्याची सूज फोडण्याची घाई न करिता जनावरास प्रथम कामातून सोडावे.

तसेच धडधाकट जनावर एकाएकी मेले आणि नाकातोंडातून काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरून त्या प्रेतास सुरा मुळीच लावू नये. प्रेत उघडल्याने रोगाचे बीज हवेच्या संपर्कात येऊन टिकाऊ रूप धारण करिते आणि जमिनीत वर्षानुवर्षे राहते. माणसासही तो रोग होतो.

३. चिमटे, सुई व टाके

रक्तवाहिनी धरण्याचा चिमटा दिसावयास कात्रीसारखा असतो. परंतु त्यास धार नसते. मुठीजवळ दातेरी कडी असल्यामुळे तो एकदा मिटला की हात सोडला तरी धरून राहतो. रक्ताची चिळकांडी उडत असता वाहिनीचे तोंड ह्याने धरून बांधतात. कातडी शिवण्याची सुई वाकडी व टोकाशी तीन धारांची असते, कारण बैलाची कातडी जाड. आतड्यासाठी मात्र गोल सुई वापरितात, म्हणजे भोक लहान राहते.

शिंग मोडून किंवा पत्रा लागून रक्तस्राव झाला, तर घरी चिमटा नसला तरी स्वच्छ फडक्याची घडी जोराने दाबून घट्ट बांधावी. हळद, राख अगर शेण भरू नये. त्यातून धनुर्वात होण्याचे भय असते.

४. पोटफुगीची नळी

ट्रोकार म्हणून जे हत्यार आहे, ते म्हणजे टोकदार सळई व तिच्यावर बसणारी पोकळ नळी. दोन्ही मिळून पोटात शिरतात. सळई काढून घेतली की नळी आत राहते व तिच्यातून वायू निघतो. जलोदराचे पाणी काढण्यास सुश्रुताने हीच युक्ती सांगितली आहे: व्रीहिमुख, म्हणजे भाताच्या दाण्यासारख्या टोकाच्या शस्त्राने छिद्र पाडून नळी बसवावयाची.

पावसाळ्याच्या आरंभी कोवळा ओला चारा, दवात भिजलेला लसूणघास किंवा सांडलेले धान्य जनावराने अधाशीपणाने खाल्ले, म्हणजे डावी भकाळी फुगून ढोलासारखी वाजते. प्रथम तोंडावाटे जठरनळी घालून वायू काढण्याचा यत्न करितात. जनावर धापा टाकीत खाली पडू लागले, तरच ट्रोकारचा उपयोग. जागा डाव्या भकाळीतच: शेवटची बरगडी, कमरेचे पुढे आलेले हाड आणि पाठीच्या मणक्यांची आडवी कड ह्यांच्या मधोमध. टोक खाली व पुढे, उजव्या कोपराच्या रोखाने जाते. वायू एकदम न सोडता हळूहळू सोडावा. फेसाची पोटफुगी असेल, तर नळी फेसाने बुजते. तेव्हा गोडेतेलासारखे तेल पोटात घालून फेस मोडावा लागतो. उजव्या बाजूस किंवा साध्या सुऱ्याने भोसकल्यास पोटातील घाण पडद्यात सांडून जनावर दोनचार दिवसांनी दगावते. म्हणून हे काम शिकलेल्या हातानेच व्हावे.

५. खच्चीकरणाचा चिमटा

पूर्वी खोंड बडवीत असत. त्यातील यातना व नासूर जुन्या जाणत्यांस ठाऊक आहेत. इटलीतील डॉ. बर्डिझो ह्यांच्या नावाचा मोठा चिमटा आल्यापासून कातडी न फाडता आतील दोरी चिरडता येते. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या निरनिराळ्या धरितात आणि दोन्ही चाप एका रेषेत येऊ देत नाहीत. नाही तर पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते. चिमट्याची परीक्षा सोपी आहे: दोन कागदांमध्ये दोरा ठेवून चिमटा मिटावा, दोरा तुटला व कागद शाबूत राहिला, तर हत्यार नीट आहे. आधी बधिर करण्याची सुई देण्याचा आग्रह मालकाने धरावा. जनावरास विनाकारण यातना देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याहून आधी तो आपल्या धन्याला राबून देणाऱ्या जिवाशी कृतघ्नपणा आहे.

६. दातांची साधने

गाईबैलास वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तेथे कठीण गादी असते. खाली आठ पुढचे दात, आणि दाढा धरून एकूण ३२. खरसुंडी किंवा पुसेगावच्या बाजारात आदत, दुसा, चौसा, जुळलेला असे वय आपण ह्याच आठ दातांवरून ठरवितो. सुमारे दोन-अडीच वर्षांस पहिली जोडी पालटते आणि साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास चारही जोड्या पुऱ्या होतात. परंतु चारा चघळण्याचे काम दाढांचे, आणि त्या बाजारात कोणी पाहत नाही!

दाढा वाकड्या झिजून कडेस धार आली, की गाल व जीभ कापते. जनावर चारा तोंडात घोळवून अर्धवट चावलेले बोळे टाकते व वाळू लागते. धनगरांच्या तट्टांत हा दोष बैलांपेक्षा अधिक आढळतो. ह्यास तीन साधने लागतात: तोंड उघडे ठेवणारी कडी, लांब दांड्याची दातांची कानस, आणि हललेला दात काढण्याचा मजबूत चिमटा. घोड्याच्या वरच्या दाढांची बाहेरची कड व खालच्यांची आतली कड घासावयाची असते.

येथे एक इशारा जिवाच्या मोलाचा आहे. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, घशात काही अडकल्यासारखे वाटते, म्हणून पुष्कळ मालक थेट घशात हात घालितात. ही लक्षणे पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाचीही असतात. हातास जरा खरचटले असेल, तर लाळेतून ते विष माणसास बाधते. आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून असे जनावर वेगळे बांधावे आणि डॉक्टरांस बोलवावे. हात आधीच घातला गेला असेल, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावा व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

७. खूर, शिंग व सड ह्यांची साधने

वाकड्या टोकाचा खुराचा सुरा वाढलेले खूर तासण्यास व तळव्यातील खडा काढण्यास वापरितात. पत्री मारल्यानंतर बैल लंगडू लागला, तर खिळा जिवंत भागात गेला आहे असे समजून तो लगेच काढवावा.

आपल्या खिलार बैलास शिंगांचा कर्करोग होतो. डोके झाडणे, शिंग एका बाजूस कलणे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येणे ही त्याची चिन्हे. तेव्हा शिंगाची नस बधिर करून तारेच्या करवतीने ते मुळापासून काढितात. चिन्हे दिसताच नेले, तर बैल पुन्हा औतास येऊ शकतो.

सडात घालण्याची दुधाची नळी मात्र घरी वापरूच नये. न उकळलेल्या नळीबरोबर घाण आत जाऊन कास सुजते आणि सड कायमचे बाद होते.

८. निर्जंतुकीकरण

कोणतेही हत्यार नुसते पुसून स्वच्छ होत नाही. ते धुऊन वीस मिनिटे खळखळ उकळावे. वाफेच्या दाबाचे यंत्र असल्यास अधिक उत्तम. एका जनावरास वापरलेली सुई दुसऱ्यास वापरू नये. डॉक्टरांची हत्यारे उकळून होईतो थांबावे लागले, तर त्या वेळेबद्दल कुरकुर करू नये. ती वेळ आपल्याच बैलासाठी खर्च होत असते.

तात्पर्य

गोठ्यात उष्णतामापक, बोथट टोकाची कात्री, स्वच्छ पट्ट्या, आयोडिनचे औषध व मजबूत दोर एवढे ठेवावे. चाकू, ट्रोकार, चिमटा व दातांची कानस ही डॉक्टरांच्या हाती असू द्यावी. रात्री-अपरात्री अडचण आल्यास गावातील पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता शोधीत बसण्याची पाळी येऊ नये, म्हणून त्याचा क्रमांक आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा. हत्यार कितीही चांगले असले, तरी जनावर वेळेवर आले तरच त्याचा उपयोग. आणि वेळेवर आणणे हे काम सर्वस्वी मालकाचे आहे.