कचरा शुल्क: तुमच्या घराला किती पडेल आणि हरकत कशी घ्याल?

मुंबई महापालिकेने एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला घनकचरा व्यवस्थापनाच्या नव्या उपविधींचा मसुदा जाहीर केला आणि त्यावर ३१ मेपर्यंत सूचना व हरकती मागवल्या. कचरा उचलण्यासाठी दरमहा शुल्क घ्यावं, असा प्रस्ताव त्यात होता. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मालमत्ता कर भरतोय ना, मग हे आणखी कशाला?’ राग रास्त आहे, पण एवढ्यावर हरकत टिकणं अवघड. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीच स्थानिक संस्थांना असं शुल्क ठरवायला सांगितलं होतं. प्रशासनाला उत्तर द्यायला भाग पाडणारा प्रश्न दुसराच आहे: पैसे कचऱ्याचे घेणार, तर मोजता घराचं क्षेत्रफळ का?

तो प्रश्न नीट विचारायचा, तर आधी आपला आकडा माहीत हवा.

मसुद्यातले घरांचे दर

• ५० चौरस मीटरपर्यंत: महिना १०० रुपये, वर्षाला १,२००
• ५० ते ३०० चौरस मीटर: महिना ५०० रुपये, वर्षाला ६,०००
• ३०० चौरस मीटरच्या वर: महिना १,००० रुपये, वर्षाला १२,०००

हे चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट एरिया. आपण सगळे फुटांत बोलतो, म्हणून रूपांतर करून ठेवा: चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर मिळतात. ५० चौरस मीटर म्हणजे साधारण ५३८ चौरस फूट. बोरिवलीतला ५३० फुटांचा फ्लॅट वर्षाला १,२०० रुपयांत बसतो, तर शेजारच्या इमारतीतल्या ५४५ फुटांच्या फ्लॅटला ६,००० पडतात. पंधरा फुटांचा फरक आणि शुल्क पाचपट! उलट ५४५ फुटांचं घर आणि ३,००० फुटांचं घर एकाच दरात. जुन्या करारनाम्यात बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेलं असतं. ते धरून हिशेब केलात तर उगाच वरच्या टप्प्यात जाल.

ज्यांचं कराचं बिल शून्य आहे

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर १ जानेवारी २०२२ पासून पूर्ण माफ आहे. ५०० फूट म्हणजे ४६.४५ चौरस मीटर. ही माफी करासाठी आहे, शुल्कासाठी नाही. त्यामुळे आज एक रुपयाही न भरणाऱ्या वन रूम किचनला मसुद्याप्रमाणे वर्षाचे १,२०० रुपये नव्याने लागतील. माफी शुल्कालाही लागू करा, अशी मागणी असेल तर ती हरकतीत स्पष्ट लिहावी लागेल.

दुकानं आणि व्यवसाय

दुकानं व खाण्याची ठिकाणं महिना ५०० रुपये, कोचिंग क्लास व कार्यालयं ७५०, गेस्ट हाऊस २,०००, तीन तारांकितच्या वरची हॉटेलं ७,५००. इथे विसंगती उघडी पडते. घाटकोपर स्टेशनबाहेरचं खाण्याचं दुकान रोज बादल्या भरून ओला कचरा काढतं, त्याला ५००. कागद आणि पेनांखेरीज फारसं काही न टाकणाऱ्या क्लासला ७५०.

सोसायटीच्या बिलात काय होईल?

शुल्क मालमत्ता कराच्या बिलासोबत घ्यायचा प्रस्ताव होता, आणि कित्येक जुन्या सोसायट्यांना हे बिल एकत्रित येतं. समजा अंधेरीत ६० फ्लॅट आणि ४ दुकानांची इमारत आहे. ३६ फ्लॅट लहान टप्प्यात: ३,६०० रुपये. २४ फ्लॅट मधल्या टप्प्यात: १२,०००. दुकानं: २,०००. एकूण महिना १७,६००, वर्षाला २,११,२००.

आता कमिटीने ही रक्कम सर्वांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या मेंटेनन्समध्ये २७५ रुपये येतील. म्हणजे १०० रुपयांचा मालक पावणेतीनपट भरणार आणि ५०० वाल्याचे २२५ वाचणार. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सेवा शुल्क सर्वांना समान असतं, मालमत्ता कर मात्र प्रत्येक फ्लॅटच्या आकारणीप्रमाणे. कचरा शुल्क दुसऱ्या पद्धतीने वाटायचं, असा ठराव सर्वसाधारण सभेत आधीच करून घ्या. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर शुल्क मालक भरणार की भाडेकरू, हेही पुढच्या करारात लिहा.

हरकत कशी लिहाल?

३१ मेची मुदत संपली असली, तरी असा प्रस्ताव पुन्हा आला तर हे लक्षात ठेवा. शेकडो लोकांनी सही केलेलं एकच छापील पत्र प्रशासन एकच मुद्दा म्हणून बाजूला ठेवू शकतं. आपल्या इमारतीचा हिशेब जोडलेलं एक पानी पत्र जास्त वजनदार ठरतं. त्यात पुढचे मुद्दे घ्या:

१. टप्पे वाढवा. बंगळुरूने एप्रिल २०२५ पासून असंच शुल्क लावलं, पण सहा टप्प्यांत: ६०० चौरस फुटांपर्यंत महिना १० रुपये, तिथून वाढत ४,००० फुटांच्या वर ४००. आपल्याकडे तीनच टप्पे का?

२. ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्यांना सूट द्या. २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांवर ही जबाबदारी टाकली आहे. खतयंत्र, वीज आणि माणूस यांचा खर्च त्या करतात. मग गाडीत कमी कचरा टाकणाऱ्याने शुल्क पूर्ण का भरायचं? खर्चाच्या पावत्या जोडा.

३. पैशाचा हिशेब वेगळा ठेवा. या शुल्कातून वर्षाला ६८७ कोटी रुपये अपेक्षित असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. ते कचऱ्यावरच खर्च होतील आणि वॉर्डनिहाय हिशेब प्रसिद्ध होईल, याची लेखी हमी मागा. २०१८ पर्यंत डंपिंग ग्राउंडचा वास सोसलेल्या मुलुंडला आणि कांजूरमार्गच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्यांना हा प्रश्न विचारायचा अधिकार इतरांहून जास्तच आहे.

४. सेवा नाही तर शुल्क नाही. गाडी किती दिवस आली नाही तर शुल्क माफ, हे उपविधीतच असावं.

पत्र घनकचरा व्यवस्थापन विभागाच्या नावाने लिहा, प्रत वॉर्ड ऑफिसला द्या: अंधेरी पश्चिमेला के पश्चिम, बोरिवलीला आर मध्य, मुलुंडला टी, घाटकोपरला एन. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

सभेत बसण्यापूर्वी

घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकात कचरा वेगळा करून गल्ली स्वच्छ ठेवली आणि तशा प्रयत्नांतून महापालिकेची एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना शहरभर गेली. तुमच्या भागात एएलएम गट असेल तर सोसायट्यांनी स्वतंत्रपणे भांडण्यापेक्षा गटामार्फत आकडे एकत्र करा: किती घरं, कोणत्या टप्प्यात, रोज किती किलो ओला कचरा, गाडी आठवड्यातून किती दिवस येते. आठवडाभर वजनकाटा लावून नोंदवही ठेवली तर क्षेत्रफळाविरुद्धचा युक्तिवाद आपोआप उभा राहतो.

मसुदा आला तेव्हा पालिकेचं सभागृह अस्तित्वात नव्हतं. त्याची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. त्यामुळे सूचना व हरकती हाच नागरिकांचा मुख्य दरवाजा होता. नगरसेवक असले तरी शिक्का मारलेलं पत्र हाती असणं चांगलं, कारण तोंडी आश्वासनाची नोंद कुठेच राहत नाही.

पैसे केव्हा द्यायचे?

मसुदा म्हणजे बिल नव्हे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली केलेल्या उपविधींना राज्य सरकारची मंजुरी लागते. ती मिळून अधिकृत बिलात शुल्काची वेगळी ओळ येईपर्यंत ‘कचरा शुल्क’ म्हणून दारावर आलेल्या कोणालाही पैसे देऊ नका, आणि कमिटीलाही ते आगाऊ गोळा करू देऊ नका. बिल आलंच, तर सर्वात आधी क्षेत्रफळ तपासा. लहानऐवजी मधला टप्पा लागला असेल तर वर्षाला ४,८०० रुपयांचा फरक पडतो. करारनाम्याची प्रत जोडून तो वॉर्ड ऑफिसात लगेच लेखी कळवा.