डाळिंब : उपवासाचे फळ आणि रक्तवाढीचा समज



एकादशीच्या फराळाला चालणाऱ्या फळांत डाळिंबाचा मान मोठा. भाद्रपदात गणरायाला एकवीस पत्री वाहतात, त्यांत डाळिंबाचे पान असते. सोललेल्या वालांनाही आपल्या आयाबहिणी 'डाळिंब्या'च म्हणतात, इतके हे फळ आपल्या बोलण्यात मुरले आहे. मूळचे ते इराणकडचे. पण आता इथलेच झाले. आज आम्ही त्याचे गुण सांगणार आहोत, आणि जे गुण त्याच्यात नसताना त्याला चिकटवले जातात तेही.

नाशिक जिल्ह्यात कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागाला लोक 'कसमादे' म्हणतात. कोरडी हवा आणि हलकी जमीन डाळिंबाला मानवते. बहार धरण्याआधी शेतकरी काही आठवडे झाडाचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. पाने गळतात, झाड वाळल्यागत दिसते. मग छाटणी, खत आणि पाणी मिळाले की तेच झाड लाल फुलांनी भरते. मृग बहाराची फळे पौषाच्या सुमारास हाती येतात. त्याच दिवसांत, पौष वद्य एकादशीला, त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते.

डाळिंबाच्या जातींची नावेही वारकऱ्याच्या ओळखीची आहेत. एका जुन्या जातीचे नावच 'आळंदी'. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ साली डॉ. चिमा यांनी तिच्याच रोपांतून मऊ बियांचे एक झाड निवडले. तीच पुढे 'गणेश' जात म्हणून गाजली. आज बाजारात दिसते ती बहुतेक 'भगवा', राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेली. तेल्या रोगाने कसमादेतील कित्येक बागा गेल्या, तरी शेतकऱ्याने हे पीक सोडले नाही.

आता गुण पाहू. गोड डाळिंब तिन्ही दोषांवर हितकर आणि मळ बांधणारे, असे आयुर्वेद सांगतो. पचनासाठी वैद्य दाडिमाष्टक चूर्ण देतात. आजच्या शास्त्राप्रमाणे दाण्यांत तंतू, पोटॅशियम आणि थोडे क जीवनसत्त्व असते. दाणे चावून खावेत. रस गाळला की तंतू जातात आणि साखर तेवढी उरते. मधुमेह असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात धरावे.

पण घरोघरी एक वाक्य आम्ही ऐकतो : "डाळिंब खा, म्हंजे रक्त वाढतं." रंग लाल म्हणून हा समज झाला असावा. खरे पाहता शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह मिळावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सांगितले आहे. म्हणजे किलोभर दाणे खाल्ले तरी पाच मिलिग्रॅम पदरात पडत नाही. ज्या बाईला चालताना धाप लागते, डोळ्यांच्या पापण्या आतून फिक्या दिसतात, तिला डाळिंबावर ठेवून चालणार नाही. तिचे रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात. जेवणात पालेभाज्या, कडधान्ये, अळीव असावेत. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणानंतर लगेच चहा नको. सासूबाईंनी आणि घरच्या पुरुषमंडळींनीही याकडे लक्ष द्यावे. घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर जी जेवते, तिच्याच वाट्याला बहुधा कमी येते.

दुसरी गोष्ट वारीच्या वाटेवरची. जुलाब लागले की डाळिंबाच्या सालीचा काढा देण्याची जुनी रीत आहे. साल तुरट खरी, पण अंगातले गेलेले पाणी ती भरून काढत नाही. आधी जलसंजीवनी द्यावी : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा लहान, चहाचा. लेकरू किंवा म्हातारे माणूस मलूल झाले, लघवी कमी झाली, तर दिंडीजवळच्या वैद्यकीय पथकाकडे तत्काळ न्यावे. मुळाच्या सालीचा काढा जंतांवर देत असत. त्यात विषारी द्रव्य असते, तो घरी मुळीच करू नये. वाटेत सोलून उघडे ठेवलेले दाणे घेऊ नयेत, माशा बसतात. अख्खे फळ घ्यावे, धुऊन आपल्या हाताने सोलावे.

असे हे फळ. देवापुढे ठेवावे, प्रसाद म्हणून सर्वांनी वाटून खावे, त्याची गोडी घ्यावी. औषधाचे काम मात्र औषधाकडेच राहू द्यावे. येत्या एकादशीला घरात दाणे सोलाल, तेव्हा पहिली वाटी घरच्या लक्ष्मीला द्या, आणि तिची रक्ततपासणी झाली आहे का, एवढे तिला जरूर विचारा.