झाडातलं त्वचेत उतरवताना

क्रीम-लोशनं बनवणाऱ्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट्स त्वचेत उतरवायची आणि उन्हाचा मार कमी करायचा, हे आमचं काम. त्यातून हाती लागलेलं थोडंसं.

१. जे उन्हापासून वाचवणार, त्यालाच आधी उन्हापासून वाचवावं लागतं. हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकला की डाग फिका होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तिथे मोडतं ते कर्क्युमिनच. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही आणि उशीचे अभ्रे पिवळे करतं. मार्केटिंगवाल्यांना डब्यावर हळद हवी असते, क्रीममध्ये पिवळेपणा नको असतो. काढा मार्ग!

२. आरपार जाणं म्हणजे यश नव्हे. आमच्याकडे फ्रान्झ सेल असायचे: काचेचे दोन कप्पे, मध्ये डुकराच्या कानाची कातडी चिमट्याने आवळलेली. वर क्रीम, खाली मीठपाणी, त्यात चुंबकाची इवलीशी कांडी गरगरत असते. कातडी ३२ अंशांवर ठेवायची आणि ठरल्या वेळी खालचं पाणी सिरिंजने काढून तपासायचं. त्या पाण्यात काही सापडलं की नवी मुलं खूश. मी विचारायचे, “अरे, रक्तात पोचवायचंय का आपल्याला?” उन्हासाठीचं अँटिऑक्सिडंट कातडीतच मुक्कामाला हवं. म्हणून खरी मोजदाद शेवटी. चिकटपट्टी दाबून लावायची, ओढायची, लगेच दुसरी लावायची. मृत पेशींचा वरचा थर पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. मग कुठल्या पट्टीवर किती आणि खालच्या जिवंत कातडीत किती, ते पाहायचं. ‘हर्बल’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी क्रीमांचा माल पहिल्या काही पट्ट्यांवरच निघून यायचा.

३. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. ग्रीन टीमधलं ईजीसीजी ४५८ चं, म्हणजे नियमात बसतं. तरी अडतं, कारण ते पाण्याकडे ओढ घेणारं आणि वाटेतला थर तेलकट. मग लिपोसोम येतात, सोयाबीनच्या लेसिथिनचे सूक्ष्म फुगे. जाहिरातीत ते अख्खेच्या अख्खे खोल उतरताना दाखवतात. प्रत्यक्षात बरेचसे वरच्या थरातच फुटून मिसळतात. त्या मिसळण्यानेही वाट थोडी सैल होते, एवढंच आणि तेवढं पुरे.

४. कोंड्याला कमी लेखू नये. तांदळाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं, फक्त १९४ डाल्टनचं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने आधी दाखवलं होतं की क जीवनसत्त्व त्वचेत शिरायला द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली लागतो. २००५ साली त्यांनी १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक घातलं. द्रावण जास्त टिकलं आणि डुकराच्या त्वचेवर उन्हापासूनचं संरक्षण चारपटीवरून आठपटीच्या आसपास गेलं. अर्ध्या टक्क्याची ही करामत!

५. आंबट म्हणजे क जीवनसत्त्व, म्हणून लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमरिन असतात, त्यांच्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. माझ्या मावशीला हे पटवणं फ्रान्झ सेलपेक्षा अवघड गेलं.

६. अँटिऑक्सिडंट सनस्क्रीनला जोड म्हणून, बदली म्हणून नाही. सनस्क्रीन किरणं अडवतं. त्यातून निसटलेल्या किरणांनी जे मुक्त मूलक तयार होतात, त्यांना अँटिऑक्सिडंट गाठतं. म्हणून सकाळी आधी सीरम, त्यावर सनस्क्रीन. गाडीच्या बाजूच्या काचेतून उन्हातले यूव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात, तेव्हा रोज गाडी चालवणाऱ्यांनीही. आणि ऊन सोडून सावलीत आलं की सगळं थांबतं असंही नाही: येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की मेलॅनिन असलेल्या पेशींत डीएनएची मोडतोड पुढे तीनेक तास चालूच राहते.

७. लेबलावरच्या ‘अर्क’ या शब्दावर भाळू नका. पाच टक्के अर्क म्हणजे बरेचदा ग्लिसरीन आणि पाणी, त्यात वनस्पतीचा अंश. कामाचा रेणू कोणता आणि तो किती टक्के, हे छापलेलं असेल तर पुढे बोलावं. बाटली गडद रंगाची, लहान, तोंड अरुंद असलेली घ्यावी. क जीवनसत्त्वाचं सीरम तपकिरी झालं की पैशाकडे न बघता टाकून द्यावं.