पहिली सिंफनी लिहिताय? आधी खर्चाचा कागद मांडा

कुंभकोणमला घरी बसून साठ वादकांसाठी रचना लिहिता येते. लिहायला जवळपास काही लागत नाही. पैसे लागतात ते ती खऱ्या वादकांकडून ऐकायला. म्हणून हात कुठे आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे आधी ठरवा. खालचा हिशेब ८ मिनिटांच्या रचनेचा आहे. पहिल्या खेपेला याहून लांब लिहू नका. ४० मिनिटांचा स्कोअर कोणी फुकट वाचत नाही आणि पैसे देऊन वाचून घेणं परवडत नाही.

लिहिण्याचा खर्च: शून्याच्या आसपास

म्यूझस्कोर स्टुडिओ हे नोटेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचे वाद्यांचे आवाजही मोफत मिळतात. फिनाले या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरचा जुना परवाना कोणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नका. कंपनीनं २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवला आहे. रिम्स्की-कोर्साकोव्हचं वाद्ययोजनेवरचं पुस्तक आणि बीथोव्हेन, ब्राम्स, ड्वोर्झाक यांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. आवाजांची महागडी लायब्ररी आत्ता नको. रोज तासभर बसणार असाल तर ८ मिनिटांना चार ते सहा महिने धरा.

कॉम्प्युटर एका बाबतीत हमखास फसवतो. बासरीचे खालचे सूर ट्रम्पेटवर ऐकू येतात, कारण आवाजाची पातळी तुम्हीच ठरवलेली असते. सभागृहात ती बासरी पार बुडते. कॉम्प्युटरला धापही लागत नाही. फुंकवाद्यांचं प्रत्येक वाक्य स्वतः एका श्वासात गाऊन बघा.

पहिला अभिप्राय: गावाजवळच

रचनेत नागस्वरम हे दक्षिणेतलं फुंकवाद्य घालायचा विचार असेल तर नरसिंगमपेट्टै गाठा. गाव मयिलादुतुरैच्या रस्त्यावर, आडुतुरैजवळ आहे. इथल्या नागस्वरमला २०२२ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जाण्याआधी वादकाला एकच प्रश्न विचारा: तुमचं वाद्य किती कट्टैचं (कोणत्या पट्टीचं)? दोन कट्टै म्हणजे षड्ज डी वर. मग व्हायोलिनच्या डी आणि ए या मोकळ्या तारा तुमचा सा आणि पा होतात, तंतुवाद्यं खुलतात. अडीच कट्टै असेल तर षड्ज डी शार्पवर जातो आणि मोकळ्या तारांचा तो फायदा संपतो. हे आधी कळलं नाही तर अख्खी रचना दुसऱ्या पट्टीत लिहावी लागते. बहुतेक नागस्वरमवादक पाश्चात्त्य नोटेशन वाचत नाहीत. त्यांचा भाग सरगममध्ये, तमिळ लिपीत लिहून न्या. आडी महिन्यात, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, लग्नं नसतात. तेव्हा वेळ मिळणं सोपं जातं. मानधन आणि प्रवासखर्च आधी बोलून घ्या. ‘देऊ काहीतरी’ म्हणू नका.

व्हायोलिनसाठी मात्र शेजारच्या कर्नाटक शैलीच्या वादकावर विसंबू नका. त्यांच्या तारा सा-पा-सा-पा लावलेल्या असतात आणि बसण्याची, वाद्य धरण्याची पद्धत वेगळी असते. गमकाबद्दल त्यांना जरूर विचारा. दुहेरी सूर आणि गज चालवण्याची पद्धत (बोइंग) तपासायला पाश्चात्त्य शैलीचाच वादक हवा.

दुसरा अभिप्राय: चेन्नई किंवा मुंबई

कुंभकोणमहून उळवन एक्स्प्रेस रात्रीत चेन्नईला पोचवते. २००८ साली सुरू झालेली के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी चेन्नईतच आहे. तिथे शिकणारे किंवा शिकवणारे तंतुवादक आपल्या वेळात येतील का, ते आधी मेलवर विचारा. मुंबईला एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. तिथे जायचं तर वाद्यवृंदाचा हंगाम बघून जा. एरवी बाहेरचे वादक शहरात नसतात.

पाच-सहा वादक दोन तासांसाठी बोलवा. खर्चाचं गणित सोपं आहे: माणशी मानधन गुणिले माणसं, अधिक खोलीचं भाडं, अधिक प्रवास आणि चहा-जेवण. सगळी रचना वाजवून घेऊ नका. जिथे तुम्हालाच शंका आहे, ती दोन मिनिटं निवडा.

जाणकाराला स्कोअर पाठवताना या चार गोष्टी एकदम पाठवा: स्कोअरची पीडीएफ, एमपी३, रचनेची लांबी आणि वाद्यांची यादी, आणि तीन नेमके प्रश्न. ‘कसं वाटलं?’ विचाराल तर ‘छान’ ऐकाल. ‘४२व्या मापात हॉर्न ऐकू येतील का?’ विचारा. फी आधी ठरवा. लेखी टिपा आणि दुरुस्तीनंतरचं दुसरं वाचन त्यात धरलंय का, तेही विचारा. बहुधा धरलेलं नसतं.

आलेल्या शेऱ्यांचे तीन गट करा. ‘हे वाजत नाही’ असं वादक म्हणाला तर वाद घालू नका, त्याच दिवशी दुरुस्त करा. ‘हे झाकलं जातंय’ असं कोणी म्हणालं तर दुसऱ्याला विचारा. दोघं तेच म्हणाले तर बदला. ‘हे मला आवडलं नाही’ हा शेरा महिनाभर बाजूला ठेवा. प्रत्येक बदलाला नवी फाइल, नवा क्रमांक. जुनी पुसू नका.

पार्ट्सची छपाई: विसरला जाणारा खर्च

६० वादकांत साधारण ४० तंतुवादक असतात. दोघांत एक स्टँड, म्हणजे २० प्रती. उरलेल्यांना प्रत्येकी एक, म्हणजे आणखी २०. प्रत्येकी ७ पानं धरली तर २८० पानं. जाड कागदावर पानाला ५ रुपये पडले तरी १,४०० रुपये. पान उलटायला विश्रांतीची जागा ठेवा, नाहीतर ऐन भरात अर्धी व्हायोलिनं थांबतात. व्हायोलाचा भाग आल्टो क्लेफमध्ये आणि हॉर्नचा एफ मध्ये आहे ना, ते स्वतः तपासा. तालमीतला वेळ या चुकांत जातो आणि त्याचे पैसे तुम्ही भरता.

पूर्ण वाद्यवृंद

संगीतकार इळैयराजांनी २००५ च्या ‘तिरुवासकम’साठी बुडापेस्टचा वाद्यवृंद घेतला, तर त्यांची ‘व्हॅलियंट’ सिंफनी ८ मार्च २०२५ ला लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिकनं वाजवली. तुम्हाला एवढी उडी नको. काही युरोपीय स्टुडिओ एकाच सत्रातला वेळ अनेक संगीतकारांना वाटून देतात, तो पर्याय बघा. लंडनच्या ध्वनिमुद्रण करारात तीन तासांत २० मिनिटांचंच संगीत घेता येतं. तुमच्या ८ मिनिटांना त्या हिशेबानं सव्वा तास लागतो.

दरपत्रकात हे आहे का, ते लेखी विचारा: कंडक्टर, ध्वनिमुद्रक, मिक्सिंग, हार्प आणि तालवाद्यांचं भाडं, जादा वेळ, आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करण्याचा हक्क. शेवटचा मुद्दा सगळ्यात महाग पडू शकतो. परदेशी पैसे पाठवायला बँकेत पॅन आणि इनव्हॉइस लागेल, परकीय चलनाचा आकार वेगळा. टीडीएसबद्दल सीएला आधीच विचारा.

हक्क आणि स्पर्धा

रचना कागदावर उतरली की कॉपीराइट तुमचा. नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा असेल तर ऑनलाइन अर्ज करा: फॉर्म १४, स्वरलिपीची प्रत, ५०० रुपये. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. गाण्याचे शब्द वेगळी कृती धरतात. त्यांचे आणखी ५००. एजंटची गरज नाही.

दुसऱ्याची चाल घेताना तारीख बघा. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्यागराज १८४७ मध्ये गेले, त्यांच्या कृती मोकळ्या आहेत. ‘गीतरामायण’ मात्र नाही: गीतकार गदिमा १९७७ मध्ये गेले, संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये. म्हणजे शब्दांना २०३७ अखेरपर्यंत आणि चालींना २०६२ अखेरपर्यंत परवानगी लागेल.

‘तुमची निवड झाली, आता सादरीकरणाचा वाटा भरा’ असं सांगणाऱ्या स्पर्धांपासून लांब राहा. प्रवेश फी भरण्याआधी दोन गोष्टी बघा: लेखी अभिप्राय मिळतो का, आणि हक्क कोणाकडे जातात.

हाती थोडेच पैसे असतील तर विकतचं सॉफ्टवेअर, स्पर्धा आणि स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण तिन्ही सोडा. पाच वादकांचे दोन तास विकत घ्या, तालीम फोनवर रेकॉर्ड करा, दुरुस्त्या करा आणि तीन महिन्यांनी त्याच पाचजणांना पुन्हा बोलवा.