वेगाचे रक्त आणि दख्खनचा माळ

करमाळा, कर्जत आणि इंदापूर या तालुक्यांच्या अवर्षणग्रस्त टापूत माझ्या सरकारी नोकरीचा बहुतांश काळ पशुवैद्य म्हणून गेला, आणि गाई-बैल व शेळ्या-मेंढ्यांच्या खालोखाल जे जनावर तेथे माझ्यापुढे वारंवार आणले गेले ते म्हणजे कारवान जातीचा, लांब तोंडाचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा शिकारी कुत्रा. त्याच्या धन्याचा प्रश्न बहुधा ठरलेला असे: याच्यात ग्रेहाऊंडचे रक्त घातले तर होणारे पिलू हरणाला गाठील काय? या प्रश्नाचे एक उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे व त्याकडे मी पुढे वळणारच आहे. परंतु ज्यांना हरणाशी कर्तव्य नाही, केवळ देखण्या आणि चपळ जनावराची हौस आहे, अशा गृहस्थांचेही या संकराच्या मोहापायी जे नुकसान होते आणि त्या मुक्या जीवाचे जे हाल होतात, ते मी इतक्या जवळून पाहिले आहेत की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला अगत्याचे वाटते.

हरणामागे कुत्रे सोडण्याची चाल दख्खनला जुनी आहे. कोल्हापूर दरबारात शिकवून तयार केलेले चित्ते काळविटांवर सोडले जात. ज्यांच्या पदरी चित्ता बाळगण्याचे ऐश्वर्य नव्हते असे जहागीरदार व इनामदार, तसेच रानोमाळ हिंडणाऱ्या जमाती, कारवान किंवा केसाळ कानाशेपटीचा पश्मी बाळगीत. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी बेरड लोकांपाशी असलेल्या या कुत्र्यांच्या पैदाशीला राजाश्रय दिला आणि त्यांतली एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली; मुधोळ हाऊंड हे नाव त्यानंतर रूढ झाले, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी तिकिटे काढली त्यांत त्याला मानाचे स्थान मिळाले. मात्र या वैभवाच्या काळातही, वाळलेल्या कठीण माळावर धडधाकट काळवीट कुत्र्याच्या हाती लागणे ही दुर्मीळ गोष्ट होती. काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटरच्या वेगाने उधळतो आणि तो वेग कोणत्याही कुत्र्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. जुने शिकारी सांगत की कुत्र्याला संधी मिळे ती पावसाळ्यात, काळ्या रानात, जेव्हा हरणाचे टोकदार खूर चिखलात रुतत आणि कुत्र्याचा पसरट पंजा वरच्यावर निघून जाई. तेव्हा त्या जाणत्या माणसांनी कुत्र्याची पारख कधी केवळ वेगावर केली नाही. त्याचा दम किती वेळ टिकतो, त्याच्या पंजाची कातडी किती तग धरते, आणि धाव संपल्यावर तो आपल्या पायांनी धन्याकडे परत येतो की नाही, या तीन गोष्टी ते पाहत.

आता ग्रेहाऊंडकडे पाहू. हे जनावर निसर्गाने व मनुष्याने मिळून अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी घडविलेले आहे. त्याचे हृदय शरीराच्या मानाने मोठे, रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांहून लक्षणीय अधिक, अंगावर चरबी जवळजवळ नाही आणि कातडे अत्यंत पातळ. इंग्लंडच्या थंड हवेत व मऊ गवतावर हे सारे गुण आहेत. आपल्याकडे त्यांतले बहुतेक दोष ठरतात, कारण जोराने आकुंचन पावणारा स्नायू उष्णता निर्माण करतो, आणि कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नसल्यामुळे ती उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे हाच होय. बाहेरची हवाच जेथे चाळीस अंशांना टेकलेली, तेथे धापा टाकून तो किती निवणार? मुरमाड जमिनीवर त्याच्या पंजाच्या गाद्या सोलून निघतात, बाभळीच्या काट्याने आणि कुंपणाच्या तारेने कातडे कागदासारखे फाटते, कुसळी गवताची टोके बोटांच्या बेचक्यांतून आत शिरून गळवे धरतात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. खुद्द इंग्लंडात ज्याला लर्चर म्हणतात तो संकर पिढ्यान्‌पिढ्या प्रचलित आहे. तेथील अनुभवी लोक ग्रेहाऊंडमध्ये कधी स्कॉटलंडच्या डीअरहाऊंडचे, कधी अरबस्तानातील सलुकीचे, तर कधी मेंढ्या राखणाऱ्या कोलीचे रक्त घालीत आले ते अधिक वेगासाठी नव्हे, तर दम, चिवट पाय, जाड कातडे आणि समज मिळावी म्हणून, आणि त्यासाठी थोडा वेग सोडून देण्याची त्यांची तयारी असे. ज्यांच्या घरचा ग्रेहाऊंड ते त्यात अन्य रक्त मिसळून त्याचा अतिरेक सौम्य करीत राहिले, आणि आपण मात्र ज्या कारवानमध्ये दम, पाय व उन्हाची सवय हे तिन्ही गुण आधीच मुरलेले आहेत त्याच्यात तो अतिरेक विकत आणून ओतीत आहोत. मला हा व्यवहार नेहमीच उलटा वाटत आला. (इंग्लंड-वेल्समध्येही हरणामागे कुत्रे घालण्यास २००४ च्या कायद्याने बंदी झाली, हेही लगेच नमूद करून ठेवतो.)

माझ्या परिचयाच्या एका बागाईतदाराच्या मुलाने अस्सल कारवान म्हणून एक नर विकत घेतला. विकणाऱ्याने वंशावळीचा दाखला, शिक्का, नाव, सर्व काही दिले होते. परंतु कुत्र्याची उंची, मांडीचा अवाढव्य फुगवटा आणि पोटाखालचे पारदर्शक म्हणावे असे कातडे पाहून, आजा नाहीतर बाप ग्रेहाऊंड आहे, हे मी पहिल्या लसीकरणाच्या वेळीच त्याला सांगितले होते. मुलगा भला होता, जनावरावर त्याचा जीव होता. फाल्गुनातल्या एका सकाळी उशिरा त्याने कुत्रे मोटारसायकलीमागे पळवले. वाटेत माळावर एक चिंकारा उठला, आणि कुत्रे हाक न ऐकता त्याच्यामागे गेले. ते सापडले तेव्हा एका ओढ्याच्या काठी आडवे पडले होते. माझ्याकडे आणले त्या वेळी त्याचा ज्वर ४२ अंश सेल्सियसच्या घरात होता, मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते, आणि जी थोडी लघवी झाली तिचा रंग काढ्यासारखा गर्द तपकिरी होता.

"डॉक्टरसाहेब, दमलाय नुसता, होईल ना बरा?" असे तो मुलगा विचारीत होता. मला त्या रंगावरूनच पुढचे दिसत होते. अतिश्रमाने व उष्णतेने स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील रंगद्रव्य रक्तात उतरते व मूत्रपिंडांत साचून त्यांचे काम बंद पाडते. ओली फडकी, पंखा, शिरेतून सलाइन, जे जे तालुक्याच्या दवाखान्यात शक्य ते सर्व केले. तिसऱ्या दिवशी लघवी पूर्ण थांबली आणि कुत्रे गेले. विकणाऱ्याने रकमेची जबाबदारी तर नाकारलीच, पण त्याच वाणाची दुसरी पिले त्याच दाखल्यांसह तो विकत राहिला, याचे दुःख मला अजून आहे.

त्या चिंकाऱ्याचे काय झाले असेल, हे पाहायला कोणी गेले नाही. परंतु ज्या रोगाने कुत्रे मेले तोच रोग, अगदी त्याच क्रमाने, पाठलाग झालेल्या हरणाला होतो. भयाने आणि जिवाच्या आकांताने धावलेले हरीण कुत्र्याच्या तावडीतून सहीसलामत सुटलेले दिसते, झुडपाआड जाते, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी स्नायू व मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. म्हणून ‘आमच्या कुत्र्याने धरले नाही, नुसते पळवले’ हा बचाव शास्त्राच्या दृष्टीने पोकळ आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तो टिकत नाही: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात मारण्याइतकेच कुत्र्यांकरवी पाठलाग करणे, हाकून नेणे आणि तसा नुसता प्रयत्न करणे, हेही स्पष्टपणे अंतर्भूत आहे. काळवीट व चिंकारा हे दोघेही पहिल्या अनुसूचीत असल्याने शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची, कमाल सात वर्षांची. मला हा कायदा मनापासून मान्य आहे. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांसाठी आणि सुप्याजवळ मयूरेश्वरला चिंकाऱ्यांसाठी जी अभयारण्ये राखली आहेत ती लहान आहेत. हरणे तेथून सहज बाहेर, आपल्या शेतामाळावर चरायला येतात, आणि तेथे त्यांचे रक्षण मोकाट सोडलेल्या कुत्र्याच्या धन्याखेरीज दुसरे कोणी करू शकत नाही.

मग हौसेखातर ज्याला संकरित कुत्रा घ्यायचाच आहे, त्याने चांगला कुत्रा ओळखावा कसा? प्रथम संकराची पिढी पाहावी. शुद्ध कारवान मादी आणि शुद्ध ग्रेहाऊंड नर यांची पहिल्या पिढीतली पिले बहुधा एकसारखी व जोमदार निघतात, आणि त्यांच्याच देखणेपणाला लोक भुलतात. परंतु त्या पिलांचा आपसांत संयोग झाला की पुढच्या पिढीत गुण विखुरतात, आणि एकाच वेतात एक पिलू आज्याचे पाय घेते, दुसरे आजीचा स्वभाव, तिसरे दोहोंचे दोष. म्हणून कागदावर विसंबू नये. पिलाची आई व बाप दोघांना प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा, आणि जो विक्रेता बाप दाखवीत नाही त्याच्याकडून उठून यावे. थोराड, उंच पिलापेक्षा मध्यम बांध्याचे घ्यावे. छाती खोल असावी पण पिंपासारखी रुंद नसावी. कमरेचा भाग किंचित कमानदार व मांसल असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंजा उचलून पाहावा, त्याची बोटे एकमेकांस घट्ट मिळालेली व गाद्या जाड असाव्यात. फाकलेल्या, सुट्या बोटांच्या पंजाला माळावर हमखास इजा होते.

कुत्रा मोठा झाल्यावर त्याची परीक्षा पहिल्या धावेत होत नाही. धाव संपल्यावर किती वेळात त्याचा श्वास पूर्ववत होतो, तो पाणी शांतपणे पितो की हपापून, संध्याकाळी जेवतो की तोंड फिरवतो, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मागचा भाग ताठतो काय, हे पाहावे. हाडांची वाढ पुरी होण्याआधी, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाच्या आत, त्याला वाहनामागे पळवूच नये. आणि मन पाहावे. या जातींचे कुत्रे डोळ्यांनी शिकार करतात; हलणारे काही दिसले की कान मिटतात, तो त्यांचा जन्मजात धर्म आहे. तरीही लहानपणापासून, पळणारी शेळी नजरेसमोर असताना हाकेसरशी परत फिरण्याची सवय ज्याला लावता येते, तो माझ्या मते शंभरांत उठून दिसणारा कुत्रा होय. २०१६ साली मेरठच्या लष्करी पशुवैद्यक केंद्राने मुधोळची पिले प्रशिक्षणासाठी नेली ती हरणे धरण्यासाठी नव्हेत. तीक्ष्ण नजर व चिवट दम यांना आज उपयोगाची दुसरी वाट आहे, आणि गोठ्याची, मळ्याची राखण ही तर आपल्या दारचीच वाट आहे.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आहे त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. कोठेही टाके घालायचे झाले, खच्चीकरण करायचे झाले, तर हा ग्रेहाऊंडच्या रक्ताचा आहे, हे डॉक्टरला आधी सांगा. अंगात चरबी नसल्याने आणि यकृत ते औषध सावकाश जिरवत असल्याने थायोपेंटोनसारखी भूल या कुत्र्यांना फार वेळ गुंगीत ठेवते व जिवावरही बेतू शकते. आणि माघ सरल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत त्याला सूर्य वर आल्यावर पळवू नका, हरणे चरतात त्या माळावर पट्टा कधीही सोडू नका, आणि धावेनंतर लघवीचा रंग बदललेला दिसला तर सावलीत आणून पोटावर व जांघेत गार पाणी ओतीत ओतीत त्याच घटकेला दवाखाना गाठा. उद्या सकाळी बघू, असे म्हणू नका.